फिरत नाही की पेटत नाही?

इंजिन चालू होत नाही, असे म्हणताना दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात बोलल्या जातात. एकीत किल्ली फिरवली तरी इंजिन फिरतच नाही. दुसरीत ते भराभर फिरते, पण पेट घेत नाही. पहिला दोष विजेच्या वाटेवर शोधायचा असतो, दुसरा इंधन, ठिणगी आणि दाब यांच्यात. एवढा प्रश्न आधी विचारला की पाना हातात घेण्यापूर्वीच निम्म्या शक्यता बाद होतात. निदानाची सगळी कला या निम्मे करण्यात आहे. चाचणी अशी निवडायची की उत्तर काहीही आले तरी उरलेल्या शक्यतांचा मोठा हिस्सा गळून पडेल, आणि बिनपैशाची चाचणी नेहमी पैशाच्या चाचणीआधी घ्यायची. अंदाजाने एकेक सुटा भाग बदलत गेले तर गाडी कधीतरी चालू होतेही. पण नेमके काय बिघडले होते ते कळत नाही, आणि चांगले दोन-तीन भाग विनाकारण भंगारात जातात.

हे शिकण्यासाठी अहिल्यानगर जिल्ह्याइतकी चांगली जागा महाराष्ट्रात क्वचितच असेल. २०२४ पर्यंत अहमदनगर म्हणून नोंदलेल्या आणि बोलण्यात अजूनही ‘नगर’च असलेल्या या जिल्ह्यात इंजिनांच्या जवळजवळ सगळ्या पिढ्या शेजारीशेजारी नांदल्या आहेत. विहिरीवरची ऑइल इंजिने, नगर-दौंड रस्त्यावरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगच्या कारखान्यातून १९७२ पासून बाहेर पडलेली लूना, साखर कारखान्यांकडे ऊस ओढणारे ट्रॅक्टर, लष्कराच्या चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्रातले रणगाडे आणि आता संगणकावर चालणाऱ्या बीएस-६ गाड्या. यंत्रे वेगवेगळी, पण प्रत्येकाला विचारायचे प्रश्न तेच आणि त्याच क्रमाने.

आधी न फिरणारे इंजिन घेऊ. किल्ली फिरवल्यावर येणारा आवाज ही पहिली साक्ष. ‘टक्-टक्-टक्-टक्’ असा झपाट्याने येणारा आवाज म्हणजे सेल्फला (इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टरला) वीज जोडणारे सोलेनॉइड ओढले जाते, पण सेल्फची मोटर वीज खेचू लागताच बॅटरीचा दाब कोसळतो, सोलेनॉइड सुटते आणि दाब सावरताच पुन्हा ओढले जाते. दोष बहुधा उतरलेल्या बॅटरीत किंवा तिच्या जोडण्यांत. एकच जड ‘ठक्’ आला आणि पुढे शांतता, तर सोलेनॉइडने काम केले पण मोटर फिरली नाही. सेल्फचे कार्बन ब्रश झिजले असतील, किंवा इंजिनच आतून अडकले असेल. घरघर ऐकू येते पण इंजिन हलत नाही, तेव्हा सेल्फचे छोटे दातेरी चाक फ्लायव्हीलच्या दात्यांत बसत नसते. काहीच आवाज नाही, तर बहुधा वीज सोलेनॉइडपर्यंतसुद्धा पोहोचलेली नाही.

या आवाजांना पक्के करणारी चाचणी हेडलाइटची. दिवे लावून किल्ली फिरवायची. दिवे जवळजवळ विझले तर बॅटरी किंवा टर्मिनल. दिवे होते तसेच प्रखर राहिले आणि सेल्फ गप्प, तर बॅटरीला हात लावायची गरज नाही. दोष बहुधा किल्लीचा स्विच, रिले किंवा सुरक्षा स्विच यांच्यात आहे. दिवे मध्यम मंदावले आणि ‘ठक्’ झाले, तर वीज जाते आहे पण तिचे फिरण्यात रूपांतर होत नाही. मल्टीमीटर असेल तर हेच आकड्यांत दिसते. बारा व्होल्टची पूर्ण भरलेली, काही तास विसावलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि १२.० च्या खाली ती रिकामीच समजायची. सेल्फ फिरत असताना दाब ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. विसावलेली असताना १२.६ दाखवणारी आणि सेल्फ मारताच ७ वर कोसळणारी बॅटरी आतून संपलेली असते; ती रात्रभर चार्ज करून उपयोग होत नाही.

बॅटरी ठीक असूनही इंजिन आळसावून फिरत असेल, तर गुन्हेगार बहुधा टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी किंवा अर्थिंगची सैल तार असते. मल्टीमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारला, तर दाखवला जाणारा दाब अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. दोन व्होल्ट दिसले तर ते त्या तारेतच वाया जात आहेत. खुंटी आणि क्लॅम्प गरम पाण्यात कालवलेल्या खाण्याच्या सोड्याने धुऊन, पॉलिश पेपरने घासून घट्ट बसवणे हा अर्ध्या तासाचा उपाय आहे, आणि नवी बॅटरी घेण्याआधी तो करून पाहिलाच पाहिजे.

दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडायची तर पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह आधी, आणि शेवटचे निगेटिव्ह टोक उतरलेल्या बॅटरीवर नव्हे तर तिच्यापासून दूर इंजिनच्या धातूला. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी पडतेच.

ट्रॅक्टरच्या बाबतीत एक गोष्ट ठासून सांगायला हवी. बहुतेक नव्या ट्रॅक्टरांत क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रलला असल्याशिवाय सेल्फला वीज मिळत नाही. तो सुरक्षा स्विच खराब झाला की किल्लीने काहीच होत नाही. मग खाली उभे राहून सेल्फच्या दोन नटांवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून ट्रॅक्टर चालू केला जातो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो त्याच क्षणी पुढे झेपावतो, आणि उभा माणूस मागच्या चाकाच्या वाटेतच असतो. स्विच तपासणे दहा मिनिटांचे काम आहे. स्क्रू ड्रायव्हर हा त्याला पर्याय नाही.

इंजिन फिरवण्याची ताकद विजेवरच अवलंबून असली पाहिजे असे नाही. विजेचा स्टार्टर मोटारीत आला तो चार्ल्स केटरिंगच्या कामामुळे, १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये. त्याआधी आणि नंतरही कितीतरी वर्षे समोर हँडल घालूनच इंजिने फिरवली जात. टी-७२ रणगाड्यात विजेच्या स्टार्टरबरोबरच दाबलेल्या हवेच्या बाटल्यांनी इंजिन फिरवण्याची सोय असते, म्हणजे बॅटरी दगावली तरी रणगाडा अडत नाही. हाताने गिअर टाकायच्या साध्या गाडीला धक्का देऊन चालू करणे हाही त्याच जातीचा उपाय. निदान म्हणूनही तो उपयोगी आहे: धक्क्याने चालू होणारी गाडी सांगते की इंधन, ठिणगी आणि दाब शाबूत आहेत, दोष फक्त फिरवण्यात आहे. ऑटोमॅटिक गाडीला धक्क्याचा उपयोग नाही, आणि धक्का देण्यासाठी करंजी घाटाचा उतार निवडू नये; इंजिन बंद असताना ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारी मदतही बंद असते.

आता फिरते पण पेटत नाही असे इंजिन. पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवेत योग्य प्रमाणात मिसळलेले पेट्रोल, योग्य क्षणी ठिणगी आणि पुरेसा दाब. यांतली कोणती नाही हे सांगणारा सर्वांत बोलका भाग म्हणजे स्पार्क प्लग, आणि त्याची उत्तम पाठशाळा म्हणजे लूना. पेडल मारून चालू होणारी, सुमारे ५० सीसीची ही टू-स्ट्रोक गाडी ज्यांनी वापरली, त्यांच्या डिकीत प्लगपाना असेच. बराच वेळ पेडल मारून थकल्यावर प्लग काढायचा आणि त्याचे तोंड पाहायचे. तोंड कोरडे असेल तर पेट्रोल पोहोचलेलेच नाही. मग शोध वरून खाली: टाकीचा कॉक बंद आहे का, टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे का, नळीत कचरा आहे का, कार्ब्युरेटरचा जेट तुंबला आहे का. झाकणाच्या भोकाची तपासणी हमखास राहून जाते. ते बुजले की टाकीत निर्वात पोकळी तयार होते, पेट्रोल उतरणे थांबते, गाडी दोन-तीन किलोमीटर चालून बंद पडते आणि थोड्या वेळाने आपोआप चालू होते. झाकण सैल करून गाडी चालली तर दोष सापडला.

प्लगचे तोंड ओले असेल तर पेट्रोल येते आहे, ते पेटत नाही. प्लग टोपीत बसवून त्याचा धातू इंजिनला टेकवायचा आणि इंजिन फिरवायचे. निळसर, कडक ठिणगी दिसली पाहिजे. पिवळट, अशक्त ठिणगी मोकळ्या हवेत पडते पण दाबलेल्या हवेत पडत नाही. ही चाचणी प्लगच्या भोकापासून दूर आणि सांडलेले पेट्रोल पुसूनच करायची. ठिणगी चांगली असूनही प्लग ओला म्हणजे पेट्रोल जास्त झाले आहे. तेव्हा चोक बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडून इंजिन काही फेरे फिरवायचे, म्हणजे जादा पेट्रोल हवेबरोबर निघून जाते. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर तेलही जळते, त्यामुळे प्लगच्या दोन टोकांत काजळीचा पूल बांधला जातो आणि ठिणगीला उडी मारायची गरजच राहत नाही. तीच काजळी सायलेन्सरमध्ये साचली की जळका धूर बाहेर जाऊ शकत नाही, नवी हवा आत येऊ शकत नाही, आणि सगळे भाग नवे असूनही गाडी चालू होत नाही. त्यामुळे जुन्या लूनाचा सायलेन्सर अधूनमधून काढून साफ करावा लागे.

पेट्रोलचेच स्वरूप आता बदलले आहे, आणि या जिल्ह्याचा त्यात मोठा हात आहे. ऊस आणि मळीपासून बनणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळण्याची योजना २०२३ पासून टप्प्याटप्प्याने देशभर पोहोचली. नगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या आसवन्या त्याच इथेनॉलचा स्रोत आहेत. इथेनॉलचे बाष्पीभवन होताना पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, त्यामुळे थंडीत पहिला पेट घेणे थोडे अवघड होते. शिवाय ते हवेतली ओल शोषते. दोन-तीन महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत पाणी साचत गेले की एका मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात, आणि कॉक किंवा पंप नेमका तळातूनच ओढतो. जुन्या पत्र्याच्या टाकीचा गंज त्यात सुटून जेटपर्यंत येतो. पावसाळाभर न चालवलेली गाडी सुरू होत नसेल, तर प्लग आणि कॉइल बदलण्याआधी टाकीच्या तळातले वाटीभर पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवून पाहावे. थर वेगळे झालेले डोळ्यांना दिसतात.

डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नसते. हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते बाविसाव्या भागापर्यंत दाबली जाते, तिचे तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. त्यामुळे इथले दोन मुख्य प्रश्न म्हणजे डिझेल फवारले जाते का, आणि हवा पुरेशी तापते का. दोन्हींचे उत्तर सायलेन्सरच्या तोंडाशी मिळते. सेल्फ फिरत असताना धूर अजिबात नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. पांढरा किंवा राखाडी, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते आहे, पण न जळता बाहेर येते.

धूर नाही, तर सर्वांत आधी स्टॉपची दांडी. ट्रॅक्टर बंद करताना ओढलेली दांडी तशीच बाहेर राहिली, किंवा तिची केबल गंजून परत गेली नाही, तर पंप डिझेल सोडतच नाही. त्यानंतर हवा. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या घेऊन आलेला ट्रॅक्टर कारखान्याच्या यार्डात तासन् तास रांगेत असतो. डिझेल तळाला जाते, चढ-उतारावर नळीचे तोंड उघडे पडते आणि पंपात हवा शिरते. डिझेल दाबता येत नाही म्हणून ते नोझलची सुई उचलते. हवा मात्र स्वतःच दबून जाते आणि सुई बंदच राहते. टाकी भरली तरी इंजिन चालू होत नाही, कारण आत शिरलेली हवा जागची हलत नाही. ती काढण्यासाठी फिल्टरवरचा हवा सोडण्याचा स्क्रू सैल करून हाताने प्रायमर पंप मारायचा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड डिझेल. त्याच वेळी, पंप मारत असतानाच स्क्रू आवळायचा. पुढे हेच फ्युएल पंपावर, आणि तरीही नाही तर सेल्फ मारत एकेका नोझलची नळी थोडी सैल करून. हे सगळे जुन्या यांत्रिक पंपासाठी. कॉमन रेल इंजिनात नळीतला दाब हजार बारच्या वर जातो. तिथे नळी सैल केली तर डिझेलची धार कातडीतून आत घुसते. त्या इंजिनाला हात लावायचा तो फक्त कंपनीच्या पद्धतीनेच.

शेतावर पिंपात साठवलेल्या डिझेलमधून पाणी येते, कारण रात्रीच्या थंडीत पिंपाच्या आतल्या पत्र्यावर दव धरते. फिल्टरखालचा निचरा स्क्रू उघडून पहिला अर्धा पेला डिझेल पाहिला की पाणी ओळखू येते. पाणी एकदा पंपात गेले की पंपाचे बारीक घासलेले भाग गंजतात, आणि तो खर्च फिल्टरच्या खर्चाच्या कितीतरी पट असतो. धूळ मात्र वेगळी बाब. जामखेड, कर्जत, पाथर्डीच्या कोरड्या रस्त्यांची धूळ एअर फिल्टर तुंबवते. त्याने इंजिन कमजोर होते, काळा धूर येतो, पण केवळ त्यामुळे ते अजिबात चालू होत नाही असे क्वचितच घडते.

पांढऱ्या धुराचा प्रश्न पहाटेचा आहे. नगरची डिसेंबर-जानेवारीतली पहाट कित्येकदा दहा अंशांच्या खाली जाते. हिमालयात डिझेलमधले मेण गोठते तसे इथे होत नाही. इथे होते ते असे की थंड बॅटरी कमी वीज देते, घट्ट झालेले इंजिन ऑइल फिरण्याला विरोध करते आणि इंजिन मंद फिरते. मंद फिरलेल्या इंजिनात दाबलेल्या हवेला रिंगांच्या फटीतून निसटायला आणि थंड भिंतींना उष्णता द्यायला जास्त वेळ मिळतो, म्हणून ती डिझेल पेटण्याइतकी तापत नाही. म्हणजे थंडीत डिझेल पेटत नसेल तर दोष बहुतेक वेळा पुन्हा फिरवण्यातच असतो. किल्लीच्या पहिल्या टप्प्यावर वेटोळ्याचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचे, म्हणजे हीटर प्लग तापतात. सेल्फ सलग दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारायचा नाही, मध्ये निदान अर्धा मिनिट विश्रांती द्यायची. नाहीतर बॅटरीबरोबर सेल्फही जातो. हीटर प्लग असलेल्या इंजिनात हवेच्या वाटेने इथर फवारणे धोक्याचे आहे, कारण ते तापलेल्या प्लगवर भलत्याच वेळी भडकते आणि पिस्टन फोडू शकते.

दाबाचा धडा विहिरीवरच्या ऑइल इंजिनाने कित्येक पिढ्यांना दिला. किर्लोस्करच्या आणि तशाच इतर इंजिनांवर दाब सोडणारा एक लहान खटका असतो. तो उघडला की व्हॉल्व्ह उघडा राहतो, हवा दबत नाही आणि हँडल एका माणसाला सहज फिरवता येते. जड फ्लायव्हील पुरेसे गरगरू लागले की खटका पाडायचा. साठलेल्या वेगाने पिस्टन दाबाची भिंत ओलांडतो आणि इंजिन भकभक करत चालू होते. खटका पाडल्यावरही हँडल हलकेच फिरत राहिले, तर दाब कुठेतरी निसटतो आहे हे हाताला कळते. मोटारीत हे कानाने कळते. निरोगी इंजिन फिरताना आवाजात चढ-उतार असतो, प्रत्येक दाबाला सेल्फ किंचित दमतो. तो ताल गेला आणि इंजिन एकसारखे, सुसाट, हलके फिरू लागले, तर टायमिंग बेल्ट तुटला असण्याची शक्यता मोठी. तेव्हा सेल्फ मारणे त्याच क्षणी थांबवायचे, कारण बऱ्याच इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. दाब थोडासाच कमी असेल तर पेट्रोल इंजिनात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण ऑइलने त्यांची फट भरली. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

१ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांत ठिणगीचा आणि फवाऱ्याचा क्षण संगणक ठरवतो. त्याला क्रँकशाफ्टची जागा सांगणारा सेन्सर गप्प झाला तर बहुतेक इंजिने फिरतात पण पेटत नाहीत. स्कॅनरवर तेव्हा पी०३३५ असा संकेत दिसतो. पण संकेत सेन्सरच खराब आहे असे सांगत नाही, फक्त त्याच्याकडून खबर येत नाही एवढेच सांगतो. तार तुटलेली असली तरी आकडा तोच. उसाच्या पट्ट्यात ही शक्यता खरी आहे: तोड झाली की शेतातले उंदीर घराकडे सरकतात, आणि उभ्या गाडीच्या उबदार बॉनेटखाली तारांची वेष्टने कुरतडतात. म्हणून स्कॅनरच्या आधी टॉर्च घेऊन बॉनेटखाली पाहणे, किल्ली लावताच पेट्रोलपंपाची दोन सेकंदांची गुणगुण ऐकणे, आणि इमोबिलायझरचा दिवा लुकलुकत नाही ना ते बघणे हा क्रम. गुणगुण नसेल तर पंपाचा फ्यूज, आणि तो शाबूत असेल तर हॉर्नचा त्याच आकड्याचा रिले पंपाच्या जागी लावून पाहता येतो.

एका परिस्थितीत मात्र चालू करून पाहणे हीच चूक ठरते. अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात पाऊस कोसळतो, तेव्हा फरशीपुलांवरून पाणी वाहते. त्यात शिरून बंद पडलेल्या गाडीच्या सिलिंडरमध्ये हवेच्या वाटेने पाणी गेलेले असू शकते. पाणी दबत नाही; सेल्फच्या किंवा धक्क्याच्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो आणि पुढे ब्लॉक फुटू शकतो. अशी गाडी ओढून बाहेर काढायची, बॅटरी सोडवायची आणि एअर फिल्टर उघडायचा. फिल्टर ओला असेल तर सगळे प्लग किंवा नोझल काढून इंजिन आधी हाताने फिरवायचे. भोकांतून पाणी येणे थांबल्यावर सेल्फने थोडे फिरवायचे. इंजिन ऑइलची कांडी दुधाळ दिसली तर ऑइल आणि फिल्टर बदलायचे, आणि त्यानंतरच प्लग बसवून किल्ली फिरवायची.